मदत हवी आहे: प्लेअर निघत नाही, व्हीएलसी दोनदा दिसतो आणि आयफोनचे व्हिडिओ अडखळतात

मशीन: इंटेल आय३ (चौथी पिढी), ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १० (२२एच२), ६४ बिट.

१) एका डाउनलोड साइटवरून घेतलेला फुकट प्लेअर काढायचा आहे. अनइन्स्टॉल दाबलं की "फाइल वापरात आहे" म्हणून अडतो. व्हिडिओवर राइट क्लिक केलं की मेन्यू उघडायला चार-पाच सेकंद लागतात आणि त्यात या प्लेअरच्याच तीन ओळी असतात.
२) बसवलेल्या प्रोग्रामच्या यादीत व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर दोनदा आहे. एक प्रोग्राम फाइल्समध्ये, एक प्रोग्राम फाइल्स (एक्स८६) मध्ये.
३) आयफोनवर काढलेले फोर-के व्हिडिओ विंडोजच्या प्लेअरमध्ये लावले तर आवाज येतो, चित्र काळं. व्हीएलसीत चित्र येतं, पण अडखळत.
४) मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात.

कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा गठ्ठा) टाकू, की सरळ विंडोजच नव्याने टाकू?

प्रतिसाद १

विंडोजला हात लावू नका आणि कोडेक पॅक तर अजिबात नको. व्हीएलसी स्वतःचे कोडेक पोटात घेऊनच येतो, विंडोजमध्ये बसवलेले कोडेक तो बघतही नाही. त्यामुळे पॅक टाकल्याने व्हीएलसीचं अडखळणं तसूभरही कमी होणार नाही. शिवाय ३२ बिट कोडेक ६४ बिट प्लेअरला दिसत नाही आणि उलटही. लोक दोन्ही प्रकारचे पॅक एकावर एक टाकतात आणि मग गुंता सुटत नाही.

आधी तो चिकट प्लेअर. "फाइल वापरात आहे" याचं कारण तुमच्या राइट क्लिकमध्येच आहे. त्या तीन ओळी दाखवण्यासाठी प्लेअरची डीएलएल फाइल (प्रोग्रामचा एक सुटा भाग) विंडोज एक्सप्लोररने, म्हणजे फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रामने, उघडून धरलेली असते. प्लेअर बंद असला तरी एक्सप्लोरर चालूच असतो, म्हणून फाइल सुटत नाही. क्रम असा ठेवा:

सर्च बॉक्समध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधून एक पॉइंट करून घ्या, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येईल. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये प्लेअरच्या नावाचं जे काही असेल ते डिसेबल करा. घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये त्याचं चिन्ह असेल तर तिथून एक्झिट. आता मशीन रीस्टार्ट करा आणि चालू झाल्यावर एकही फोल्डर न उघडता कंट्रोल पॅनेलमधल्या 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'मधून थेट अनइन्स्टॉल करा. तरी अडला तर टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रीस्टार्ट' दाबा आणि लगेच पुन्हा प्रयत्न करा.

काढताना येणाऱ्या खिडक्या नीट वाचा. असे प्लेअर जाता जाता "त्याऐवजी हे घ्या" म्हणून आणखी काहीतरी गळ्यात मारतात, आणि "नको"चं बटण मुद्दाम फिक्या रंगात असतं.

प्रतिसाद २

वरच्यात भर. एवढं करूनही नाही निघाला तर सेफ मोड (यात विंडोज मोजक्याच गोष्टींसह चालू होतं): शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ हा आकडा. पण एक मेख आहे. प्लेअर 'एमएसआय' प्रकारच्या इन्स्टॉलरने बसला असेल तर सेफ मोडमध्ये तो निघणार नाही, कारण विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस तिथे चालू नसते. तसा निरोप आला तर घाबरू नका, साध्या मोडमध्ये परत या. स्वतःचा अनइन्स्टॉलर असलेला प्लेअर मात्र तिथे बिनतक्रार निघतो.

प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर हाताने डिलीट करू नका. तसं केलं की अनइन्स्टॉलरच उडतो आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) नोंदी लटकत राहतात. आधीच केलं असेल तर यादीतून अनइन्स्टॉल दाबल्यावर विंडोज विचारतं, "बहुधा आधीच काढलेला आहे, यादीतून नाव काढू का?" त्याला हो म्हणा. रजिस्ट्री क्लीनरच्या नादी लागू नका, फायदा शून्य.

यादीत ॲपलचा क्विकटाइम दिसला तर तोही काढा. विंडोजवरच्या क्विकटाइमला ॲपलने २०१६ सालीच वाऱ्यावर सोडलं. सुरक्षेतली भोकं तशीच आहेत.

प्रतिसाद ३

व्हीएलसीचं: एक ३२ बिट, एक ६४ बिट आहे. नुसता ३२ बिट काढला तर फाइलींचे संबंध तुटतात, कारण दोघेही रजिस्ट्रीत त्याच नावाच्या नोंदी वापरतात. दोन्ही काढा, रीस्टार्ट करा. मग विंडोज आणि आर एकत्र दाबून रनच्या चौकटीत इंग्रजीत 'ॲपडेटा' लिहा, आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह देऊन. उघडलेल्या फोल्डरमधलं 'व्हीएलसी' नावाचं फोल्डर काढून टाका. जुन्या सेटिंग त्यात असतात आणि अनइन्स्टॉल केल्यावरही बऱ्याचदा तिथेच राहतात. "नवा टाकला तरी तोच प्रॉब्लेम" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच.

नवा ६४ बिट व्हीएलसी फक्त व्हिडिओलॅनच्या साइटवरून घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात असते, तिच्यावर क्लिक करू नका. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब. सही करणाऱ्याचं नाव व्हिडिओलॅन दिसायला हवं. टॅबच नसेल तर फाइल कचऱ्यात.

सबटायटल: चौकोन म्हणजे फॉन्टची अडचण, अगम्य चिन्हं म्हणजे एन्कोडिंगची (अक्षरं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीची). टूल्स, प्रेफरन्सेस, 'सबटायटल्स / ओएसडी' इथे फॉन्ट 'निर्मला यूआय' आणि डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. सेव्ह करून व्हीएलसी बंद करून उघडा. तरीही अगम्य दिसलं तर सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. मराठी नीट दिसत असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये यूटीएफ-८ निवडून पुन्हा जतन करा. नोटपॅडमध्येच इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर ती फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागेल, प्लेअर काही करू शकत नाही.

प्रतिसाद ४

अडखळण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन व्हिडिओ 'एचईव्हीसी'मध्ये साठवतो, म्हणजे एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत. विंडोजचं स्वतःचं ॲप त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं वेगळं विकतचं एक्स्टेन्शन मागतं, म्हणून चित्र काळं. व्हीएलसीला ते लागत नाही, पण तुमच्या चिपमध्ये एचईव्हीसी उलगडणारं पूर्ण हार्डवेअरच नाही. इंटेलमध्ये ते सहाव्या पिढीपासून आलं, १० बिट (जास्त रंगछटांच्या) व्हिडिओसाठी तर सातव्या. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि दोन कोअरना फोर-के झेपत नाही. खातरजमा करायची तर व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा आकडा बघा, शंभराला टेकलेला असेल.

व्हीएलसीत 'इनपुट / कोडेक्स'मध्ये 'स्किप एच.२६४ इन-लूप डीब्लॉकिंग फिल्टर' हा पर्याय 'ऑल' करून थोडा दिलासा मिळेल. नाव एच.२६४ चं असलं तरी एचईव्हीसीलाही लागू होतो. चित्राचा दर्जा जरा उतरतो. माझ्या मते ही मलमपट्टी आहे.

खरा उपाय म्हणजे हँडब्रेक, व्हिडिओ एच.२६४ या जुन्या, हलक्या पद्धतीत बदलून देणारा फुकट प्रोग्राम. त्यात 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट निवडा, व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर 'एच.२६४ (एक्स२६४)' आहे ना बघा, आरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) २० ते २२ ठेवा. तुमच्या मशीनवर वेळ भरपूर लागेल, रात्री रांगेत लावून झोपा. मूळ फाइली मात्र जपून ठेवा.

पुढच्या व्हिडिओंसाठी फोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'. फोर-के ६० फ्रेम मात्र यात मिळत नाही. केबलने कॉपी करताना "डिव्हाइस काम करत नाही" अशा अर्थाचा एरर आला तर फोटोजच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' हे 'ऑटोमॅटिक'वरून 'कीप ओरिजिनल्स'वर आणा. फोन पाठवता पाठवता फाइल बदलायला बघतो आणि तिथे गाडी अडते.

धागाकर्ता

प्लेअर निघाला. सेफ मोडची गरज पडली नाही, रीस्टार्टनंतर फोल्डर न उघडता केलं तेव्हा झालं. राइट क्लिक लगेच उघडतं. सबटायटल झकास. हँडब्रेक रात्री लावतो. एकच राहिलं: एमकेव्ही फाइलींचं चिन्ह पांढऱ्या कागदासारखं झालंय आणि डबल क्लिक केलं की "कशाने उघडू?" असं विचारतंय.

प्रतिसाद ३

एमकेव्हीचा संबंध त्या काढलेल्या प्लेअरशी होता. विंडोज १० मध्ये कुठलाही प्लेअर स्वतःहून डीफॉल्ट होऊ शकत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, खाली 'सेट डीफॉल्ट्स बाय ॲप', व्हीएलसी, मॅनेज. तिथे एमकेव्हीसमोर व्हीएलसी निवडा. तीच यादी खाली सरकवत एमपी४, एव्हीआय आणि एमओव्ही पण बघून घ्या, आयफोनच्या फाइली एमओव्हीच असतात.