विहिरीला रोज दोनच तास पाणी, चार एकर रब्बी कशी बसवावी?

दोन_तास_मोटर: कोरडवाहू भाग, काळी भारी जमीन, चार एकर. मोटर रोज दोन तास चालते, मग विहीर तळ गाठते. २०० लिटरचा पिंप ४० सेकंदांत भरतो. असं पाणी तीन महिने टिकेल. नवा बोअर घ्यायचा नाही, आहे त्यातच भागवायचंय. हरभरा, ज्वारी की गहू? आणि ठिबक की तुषार?

हिरवा_बांध: डोळे झाकून ठिबक. सहा वर्षं झाली, माझा कांदा बघायला लोक येतात. पाणी मुळाशीच पडतं, वाया जात नाही. आणि एक बोअर घेऊनच टाका.

क्षारपड: ठिबकचं मला नका सांगू. आमचं पाणी जड, क्षारांचं. दुसऱ्याच वर्षी निम्मे ड्रीपर चोंदले. वरून सगळं ठीक दिसायचं, पण लॅटरलच्या, म्हणजे ड्रीपरच्या नळीच्या, शेवटाकडची झाडं पिवळी. टोक सोडलं तर पांढुरका गाळ भळाभळा बाहेर आला.

हिरवा_बांध: नळ्यांतले क्षार विरघळवायला अ‍ॅसिड ट्रीटमेंट केली नसेल.

क्षारपड: एकदा केली होती, दादा.

वापसा: एकदा करून भागत नाही. आणि नवीन माणसांसाठी सांगतो, अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. अंगावर उसळतं.

मोजून_पाणी: धागा पाण्याच्या हिशोबाचा आहे. तासाला १८,००० लिटर, म्हणजे रोज ३६,०००. एकरभर १ मिमी पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर. ५० मिमीची एक पाळी, म्हणजे एका वेळचं पाणी, धरली तर एकराला २ लाख, म्हणजे साडेपाच दिवस. चार एकर फिरायला २२ दिवस! गव्हाला ४०० मिमी धरलं तर तीन महिन्यांतलं निम्मं पाणी एकाच एकरात जाईल. हरभऱ्याला फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक, दोन पाळ्यांत भागतं. पण चारही एकर एका दिवशी पेरलात तर शेवटच्या एकराला पाणी पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असेल. पेरणी टप्प्याटप्प्यानं करा.

काळी_आई: हरभराच. पण भर फुलोऱ्यात पाणी नको. मी दिलं होतं, झाड कमरेएवढं माजलं आणि घाटे मोजून घ्यावे इतके. तुषार लावलात तर पहाटे चालवा, दुपारच्या वाऱ्यात फवारा शेजारच्या रानात जातो.

हिरवा_बांध: म्हणूनच म्हणतो, ठिबक.

सरीवाला: खर्च न करता सरीआड सरी भिजवा. एक भरायची, एक कोरडी ठेवायची. मुळं बाजूची ओल ओढून घेतात.

क्षारपड: काळ्या रानात भेगा पडतात, सगळं पाणी खाली जाईल.

सरीवाला: आधी दातेरी कोळपं फिरवून भेगा बुजवा ना.

दोन_तास_मोटर: सगळ्यांचे आभार, मोजून_पाणी यांचे विशेष. २२ दिवसांचा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. हरभरा सगळे म्हणताय, तरी चारही एकर ज्वारीच करतोय. दावणीला जनावरं आहेत, कडबा विकत घेणं परवडत नाही. शिवाय पाणी चुकलं तरी ज्वारी तग धरते. दोन एकर आधी, दोन एकर बारा दिवसांनी. पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, एक पाळी, सरीआड सरी. ठिबक नाही, तुषारही नाही. उरलेलं पाणी फुलोऱ्यात देईन.

हिरवा_बांध: निदान एका एकरात तरी ठिबक करून बघा.