डिस्ने वर्ल्डच्या गेटवर बोटाचा ठसा घेतात म्हणे, आईचा ठसा कुठेच उमटत नाही, काय करू?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी आम्ही भावाकडे अमेरिकेला चाललोय आणि तिथून चार दिवस ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड बघायचं ठरलंय. मी, नवरा, मुलगा साडेचार वर्षांचा आणि आई, वय ७१. तिकिटं भावाने काढली आणि काल फोनवर बोलता बोलता म्हणाला की तिथे आत शिरताना प्रत्येकाला मशीनवर बोट ठेवावं लागतं, तीन वर्षांच्या मुलापासून पुढे सगळ्यांना. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

आईचं बोट कुठलंच मशीन घेत नाही हो. तिने बडोद्यात दांडिया बाजारात घरी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, ब्लाउज, फॉल-पिको, नवरात्राच्या आधी दोन महिने चनियाचोळ्यांचा ढीग, सुई टोचून आणि कापड ओढून ओढून बोटांची टोकं अगदी गुळगुळीत झालीत. मागे बँकेत केवायसीला गेलो तर अंगठा सहा-सात वेळा लावून झाला, मग तो मुलगा मागच्या लाइनकडे बघत जोरात म्हणाला, बानो अंगूठो नथी आवतो, काले आवजो, म्हणजे आजींचा अंगठा येत नाही, उद्या या. आई तिथे काही बोलली नाही, घरी आल्यावरही नाही, पण तेव्हापासून असलं मशीन दिसलं की हात पदराला पुसत राहते. मुंबईला व्हिसासाठी दहा बोटं द्यायची होती तेव्हा आदल्या रात्री ती झोपलीच नव्हती. झालं ते काम, पण तिसऱ्या वेळेला.

तर विचारायचं असं की ठसा आलाच नाही तर गेटवरून परत पाठवतात का, चारही दिवस रोज द्यावा लागतो का, आणि मुलाच्या बोटाचं काय, नको म्हणता येतं का? नवरा म्हणतो आधारला देतोच ना आपण, एवढं काय. पण मुलाचं बाल आधार आहे, पाच वर्षांच्या आत बोटं घेतच नाहीत, म्हणजे आपल्याकडे अजून कुणी घेतलं नाही ते पहिल्यांदा एका बागेच्या गेटवर द्यायचं, हे मला पटत नाहीये.

अलकापुरी_२२

ताई, आम्ही २०२३ च्या मे महिन्यात जाऊन आलो, सासू-सासऱ्यांना घेऊन, त्यामुळे तुमची काळजी कळते. आधी सांगते, परत पाठवत नाहीत. डिस्नेच्या नियमातच आहे की बोट द्यायचं नसेल तर फोटोवालं ओळखपत्र दाखवायचं, त्यावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळायला हवं, बस. सासऱ्यांनी चारही दिवस पासपोर्टच दाखवला, कुणी कारण विचारलं नाही.

आता बाकीच्यांचं कसं होतं तर खांबावर एक गोल असतो, त्याला तिकिटाचं कार्ड किंवा हातातला बँड टेकवायचा, मग बाजूच्या छोट्या काचेवर तर्जनी ठेवायची, हिरवा दिवा लागला की आत. पहिल्या दिवशी जे बोट दिलं तेच पुढे प्रत्येक वेळी, प्रत्येक पार्कला, दुपारी हॉटेलवर जाऊन परत आलात तरी पुन्हा. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाही, चार आहेत, मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम, त्यामुळे हे बरेचदा होतं. आमचा एकदाच घोळ झाला तो आमच्यामुळेच, माझं कार्ड ह्यांच्या खिशात आणि ह्यांचं माझ्या पर्समध्ये, मग बोट कसं जुळणार. तुम्ही चार कार्डांवर चार रंगांच्या टिकल्या लावून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भावाने तिकिटावर आईचं नाव काय घातलंय ते आजच बघा. आपल्याकडे पासपोर्टवर नाव, मधे नवऱ्याचं नाव, मग आडनाव, आणि घरात हाक मारायचं नाव तिसरंच. बोटाऐवजी पासपोर्ट दाखवायचा तर तिथे हेच अडेल.

मांडवीवाला

मी मकरपुरा जीआयडीसीत फॅक्टऱ्यांना हजेरीची मशीनं बसवतो आणि दुरुस्त करतो, १४ वर्षं झाली, तेव्हा बोट का लागत नाही ह्यावर बोलायला मी हक्काचा माणूस आहे.

काकूंच्या बोटात काही दोष नाही. बोटावरच्या रेघा म्हणजे बारीक बारीक बांध असतात, वावरात असतात तसे, मशीन बघतं की कुठला बांध कुठे संपतो आणि कुठे दोन फाटे फुटतात, त्या जागा टिपून घेतं. वय झालं की कातडी कोरडी पडते, सैल होते, बांध बसके होतात, आणि ज्याने आयुष्यभर हाताने काम केलं त्याचे तर झिजूनच जातात. माझ्याकडे चुन्याच्या, सिमेंटच्या, अ‍ॅसिडच्या कामातले लोक येतात, पंचविशीतल्या पोरांचेसुद्धा ठसे येत नाहीत, आणि जानेवारीत थंडी पडली की अर्ध्या फॅक्टरीची हजेरी अडते. त्या बँकेतल्या मुलाला कुणीतरी हे शिकवायला हवं होतं, की अंगठा येत नाही म्हणजे मशीन कमी पडतंय, आजी नाही.

आता उपाय. रात्री झोपताना खोबरेल किंवा व्हॅसलिन आठवडाभर आधीपासून, पण गेटवर जाताना हात कोरडे पुसलेले हवेत, सनस्क्रीन किंवा तेल काचेला लागलं की नुसता डाग येतो. बोट टोकाने टेकवू नका, पहिल्या पेराचा मधला फुगीर भाग सपाट ठेवा. आणि दाबू नका, लोक येत नाही म्हटलं की अजून जोरात दाबतात आणि म्हातारं बोट दाबलं की उरलेले बांधही चपटे होतात. बोटावर तोंडाने हाऽ करून वाफ सोडायची आणि लगेच ठेवायचं, दहातली पाच-सहा अडलेली बोटं माझ्याकडे ह्यानेच लागतात. उजव्या हाताचं नाही लागलं तर डाव्या हाताचं लावून बघायला सांगा, पण मग तेच लक्षात ठेवा.

आणि ते बोट मागतात कशाला हे समजलं की भीती जाईल. गरब्याचा सीझन पास आठवा, पहिल्या दिवशी आपण जायचं, दुसऱ्या दिवशी मामेभावाला द्यायचा, हे बडोद्यात कुणी केलं नाही सांगा. तिकडे चार-पाच दिवसांचं तिकीट घेतलं की एकेका दिवसाचा भाव उतरत जातो, म्हणून लोक उरलेले दिवस विकायचे. बोट म्हणजे फक्त हे तिकीट पहिल्या दिवशी ज्याने वापरलं तोच हा माणूस आहे का, एवढाच प्रश्न. तुमचं तिकीट आणि तुमचं बोट, एकास एक. जगातल्या सगळ्या बोटांत तुम्हाला शोधत नाहीत. डिस्नेचं म्हणणं आहे की बोटाचं चित्र ते ठेवत नाहीत, त्याचा एक आकडा बनवतात, चित्र लगेच पुसतात आणि पुढच्या वेळी आकड्याशी आकडा जुळवतात. मशीनच्या कामाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे, आमच्या हजेरीच्या मशीनमध्येही ठशाचा फोटो नसतो, त्या टिपलेल्या जागांची फाइल असते.

न्यायमंदिरजवळ

मांडवीवाला, तुमचं तांत्रिक सगळं मान्य, पण आकडाच ठेवतात म्हणजे काही नाही असं नका सांगू. तो आकडा त्या मुलाच्या बोटाचाच आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, साडेचार वर्षांच्या पोराचं बोट कसं बदलणार, ते त्याला अजून ८० वर्षं वापरायचंय. मी वकिली करतो आणि ताईंच्या मिस्टरांचं एवढं काय हे वाक्य मी रोज ऐकतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

अमेरिकेतच ह्यावर मोठी केस झाली आहे. इलिनॉय राज्यात २००८ पासून कायदा आहे की कुणाचाही ठसा घेण्याआधी लेखी सांगायचं, का घेतोय, किती दिवस ठेवणार, आणि लेखी होकार घ्यायचा. तिथे शिकागोजवळ गर्नी गावात सिक्स फ्लॅग्स ह्या कंपनीचं पार्क आहे, २०१४ मध्ये एक १४ वर्षांचा मुलगा शाळेच्या सहलीला गेला, आईने सीझन पास ऑनलाइन घेतला होता, गेटवर मुलाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. घरी आल्यावर आईने कागद कुठेत विचारलं तर कागद काहीच नाही. ती कोर्टात गेली. कंपनीचं म्हणणं, नुकसान काय झालं ते दाखवा. जानेवारी २०१९ मध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की न विचारता ठसा घेतला हेच पुरेसं आहे, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. पुढे ३ कोटी ६० लाख डॉलरवर समझोता झाला. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या आईचं फार कौतुक वाटलं, एवढ्याशा गोष्टीवर पाच वर्षं लढली.

पण इलिनॉयचा कायदा इलिनॉयपुरता, फ्लोरिडात तो लागू नाही. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची परवानगी लागते असं आहे. तेही तिकडच्या गेटवर दाखवता येणार नाही, पण ताईंना जे खटकलंय ते आपल्या देशाच्या कायद्यालाही खटकतं, एवढं मिस्टरांना सांगा.

माझं मत विचाराल तर मुलाचं बोट देऊ नका. नाही म्हणायची सोय पार्कानेच ठेवली आहे ना, मग ती वापरा, नाही वापरली तर उद्या सोयही राहणार नाही. त्यांनी मार्च-एप्रिल २०२१ मध्ये मॅजिक किंगडमच्या गेटवर चेहरा ओळखायची चाचणीसुद्धा महिनाभर केली होती. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड बोट घेत नाही, गेटवर फोटो काढतं, तेव्हा बोटाशिवाय काम चालतं हे त्यांनाही माहीत आहे.

अलकापुरी_२२

मुलाचं लिहायचं राहिलंच की. आमचा तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याच्या वेळी तिथल्या मुलीने मला विचारलं की ह्याच्या तिकिटाला तुमचं बोट लावू का, मी हो म्हटलं. मग चारही दिवस त्याच्या तिकिटाला माझंच बोट. फक्त मग तो आजोबांबरोबर एकटा आत जाऊ शकत नाही, बोटवाली आई बरोबर हवी.

कारेलीबाग_आजोबा

मी २००३ साली मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिथे ठसा नव्हता, दोन बोटं फाकवून एका खाचेत घालायची, ती बोटांची लांबी-रुंदी मोजायची, मला वाटलं फोटोसाठी विजयाची खूण करायला सांगताहेत. ठशाची पद्धत त्यानंतर आली.

पण मी लिहितोय ते दुसऱ्या कारणाने. आमच्या सौभाग्यवतींना २०१२ मध्ये कॅन्सरच्या गोळ्या चालू होत्या, कॅपेसिटाबिन नावाच्या, त्याने तळहात-तळपाय लाल होतात, सालं निघतात, आणि दोन-तीन महिन्यांत तिच्या दहाही बोटांचे ठसे पुसले गेले. आम्हाला कळलंही नव्हतं. न्यू जर्सीला मुलीचं बाळंतपण होतं आणि तिला जायचंच होतं. आमचे डॉक्टर भले माणूस, त्यांनीच सांगितलं की अमेरिकेच्या विमानतळावर बोटं घेतात आणि ह्याच गोळीमुळे सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या माणसाला तिथे चार तास बसवून ठेवलं होतं, ते २००९ मध्ये वैद्यकीय मासिकात छापून आलंय. त्यांनी लेटरहेडवर पत्र दिलं, कुठली गोळी, कधीपासून, ठसे का नाहीत. विमानतळावर तिने बोटं ठेवली, काही आलं नाही, तिने स्वतःच पर्समधून पत्र काढून पुढे केलं, अधिकाऱ्याने वाचलं, थोडा वेळ थांबवलं आणि गेट वेल सून म्हणून शिक्का मारला. ती पुढची सगळी वर्षं ते पत्र जपून ठेवत होती, अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून बाई, आईला असं घेऊन जा की तिला मशीनसमोर उभं राहून वाट बघावी लागणार नाही. कागद आधीच तिच्या हातात असू दे, तुमच्या पर्समध्ये नको. मागायच्या आधी तिने दाखवायचा. फार फरक पडतो.

सुरसागरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, आजोबा तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली त्यांना माझा नमस्कार सांग.

तर काय काय झालं ते सांगते. तिकिटावर भावाने खरंच आईचं घरातलं नाव घातलं होतं, अलकापुरीताई तुम्ही म्हणालात म्हणून बघितलं, आता पासपोर्टप्रमाणे बदलून घेतलंय. मुलाचं बोट द्यायचं नाही, माझं लावतात का विचारायचं, नाही तर त्याचाही पासपोर्ट. इलिनॉयच्या त्या बाईची गोष्ट नवऱ्याने पूर्ण वाचली आणि एवढं काय म्हणणं बंद केलं.

आईला मी म्हटलं तू सरळ पासपोर्टच दाखव, तर तिला ते नको आहे. म्हणाली आधी पासपोर्ट हातात धरेन, मग मी त्यांना सांगेन की मला बोट लावून बघायचंय. कमाटीबागेतल्या छोट्या गाडीला आम्हाला नेताना ती खिडकीवर तिकीट घ्यायची तशी ह्यावेळी तिला स्वतःचं तिकीट स्वतः वापरायचंय, एकदा तरी. मांडवीवाला दादा, तुमची वाफेची युक्ती तिने रात्री माझ्या फोनच्या लॉकवर करून बघितली, डाव्या हाताचं मधलं बोट चौथ्या वेळेला लागलं. आता खोबरेल चालू आहे.

आणि आजोबांनी कागद हातात असू दे लिहिलंय ते वाचून सकाळपासून मशीनवर बसलीय, गळ्यात अडकवायचे पासपोर्टचे बटवे शिवतेय, चौघांसाठी चार वेगवेगळ्या काठांचे, म्हणजे कार्डांची अदलाबदलही नको. मुलाच्या बटव्याला चेन लावायची की चुटपुटी बटन एवढंच ठरायचंय, त्याला चेन उघडता येत नाही.