ओळखपत्रावरील छायाचित्र बदलता येऊ नये म्हणून काय करावे?

प्रश्न: आमच्या संस्थेच्या पीव्हीसी ओळखपत्रांवर होलोग्राम असूनही वरचा पापुद्रा सोलून छायाचित्र बदलले जाते. यावर उपाय कोणता?

उत्तर १: पीव्हीसी कार्डावर छपाई पृष्ठभागालगतच राहते, हे मूळ दुखणे आहे. त्याऐवजी पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकचे कार्ड घ्यावे; त्याचे थर गोंदाविना, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेले असतात व लेझर किरण आतला थर काळा करून छायाचित्र उमटवतो, त्यामुळे ते खरवडू गेल्यास कार्डच खराब होते. चित्र मात्र साधारणतः कृष्णधवल येते.

उत्तर २: सहमत; परंतु तपासणाऱ्याच्या हाती काय आहे, तेही पाहावे. बोटाला जाणवणारी खूण दाराशी उभ्या रक्षकाला उपयोगी पडते. छुप्या खुणा दाखवणारा अतिनील दिवा मात्र बहुधा कपाटातच असतो.

प्रश्नकर्ता: आणि चिप?

उत्तर १: तिच्यातील माहितीवर डिजिटल स्वाक्षरी (माहिती बदललेली नाही हे तपासू देणारी सांकेतिक खूण) असेल आणि यंत्र ती खरोखर पडताळत असेल, तरच उपयोग.