डेंग्यू : ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस (अनुभव धागा)

दवाखान्यात, लॅबमध्ये, रक्तपेढीत किंवा डासनिर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. घरच्या माणसांनी नेमकं काय करायचं आणि बहुतेकदा कुठे चुकतं, एवढंच हवं आहे.

फिजिशियन

घरचे थर्मामीटरवर नजर ठेवून असतात आणि ताप उतरला की निर्धास्त होतात. डेंग्यूत हिशोब उलटा असतो. तापाच्या दिवसांत डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून येणं, खाण्यावरची वासना जाणं यांनी माणूस बेजार होतो, पण खरा धोका ताप उतरतानाच्या २४ ते ४८ तासांत, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. तेव्हा रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत उतरतं, रक्त घट्ट होतं आणि रुग्ण शॉकमध्ये जातो, म्हणजे रक्ताभिसरण कोसळतं.

म्हणून पहिल्यांदा ताप कधी आला ती तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, गुंगी किंवा तगमग, हातपाय गार पडणं, सहा तास लघवी न होणं, यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या.

रक्तदाबाबद्दल एक गोष्ट. ११०/९५ हा आकडा ऐकायला ठीक वाटतो. पण वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं असेल तर रक्ताभिसरण ढासळायला लागलेलं असतं. वरचा आकडा पडतो तो शेवटी. लहान मुलांत हे फार झपाट्याने होतं.

लॅब टेक्निशियन

चुकीच्या दिवशी केलेली तपासणी हे गोंधळाचं मोठं कारण. एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत करायची, आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं) साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतं. दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं ठरत नाही. आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर एनएस१ लवकर नाहीसं होतं, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला तरी लक्षणांवर नजर ठेवावीच लागते. विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त.

सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टमध्ये) लोक फक्त प्लेटलेट पाहतात. त्याच कागदावरचा पीसीव्ही (हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का) बघा. तो आधीच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी चढला, म्हणजे ३८ चा ४६ झाला, तर गळती चालू आहे. ही तुलना करायला तापाच्या सुरुवातीचा एक रिपोर्ट हवा, आणि शक्यतो रोज एकाच लॅबमध्ये तपासा.

प्लेटलेट अचानक २०,००० आल्या आणि रुग्ण मात्र ठणठणीत दिसत असेल तर स्लाइड बघायला सांगा. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन ते मोजत नाही. अशा वेळी सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतात.

परिचारिका, ताप वॉर्ड

ओआरएसचं एक लिटरचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घालून क्षारांचं प्रमाण बिघडवणारे रोज भेटतात. तयार पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं टाकून द्या. मोठ्या माणसाला दिवसभरात दोन-अडीच लिटर द्रव लागतो: ओआरएस, मीठ घातलेली पेज, ताक, वरणाचं पाणी, शहाळं. नुसतं साधं पाणी पाजत राहिलं तर सोडियम उतरतं. उलटी होत असेल तर पेला तोंडाला न लावता दोन-दोन मिनिटांनी चमचा-चमचा द्या. बीट, डाळिंबाचा रस टाळा, उलटीत लाल दिसलं की रक्त की रस ते कळत नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. मुलांना एका वेळी दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढतो, त्यामुळे मेडिकलवाल्याकडून “अंगदुखीची गोळी” आणू नका. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. आणि कमरेत सुई मागू नका. प्लेटलेट कमी असताना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनच्या जागी रक्त साकळतं.

रक्तपेढी

प्लेटलेट ४०,००० झाल्या की नातेवाईक रात्रभर दाते शोधत फिरतात, आणि त्या गडबडीत रुग्णाने किती पाणी प्यायलं, लघवी कधी झाली, इकडे लक्षच राहत नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट देत नाहीत. दिलेल्याही लवकर नष्ट होतात आणि गळती त्यांनी थांबत नाही. पपईच्या पानांच्या रसाचंही तेच: आकडा थोडा वाढला तरी झिरपणं चालूच राहतं, वर कडू रसाने उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

आरोग्यसेवक

एडिसची (डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची) अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, कडा काथ्याने खसखसून घासायला हव्यात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करून घासायची. जिथे नळाला आठवड्याने पाणी येतं तिथे पिंप रिकामं करा असं सांगणं व्यवहारात बसत नाही. तिथे पिंपाला दुहेरी कापड ताणून दोरीने बांधा आणि पाणी यायच्या दिवशी घासा. मोठ्या टाकीत अबेट (अळ्या मारणारं औषध) किंवा गप्पी मासे. फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली बहुतेक घरांत विसरलेलीच सापडते. धुरळणीने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

हा डास दिवसा चावतो. ताप असेपर्यंत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, नाहीतर त्याला चावलेला डास पुढे घरच्यांना आजार देतो.

फिजिशियन (पुन्हा)

एक राहिलं. गळती थांबली की बाहेर गेलेलं पाणी रक्तात परत येतं. भूक लागते, लघवी भरपूर होते, तळहात-तळपायांना खाज सुटते. तेव्हा “अशक्तपणा आहे, अजून एक सलाईन लावा” असा आग्रह धरू नका. त्या वेळचं जादा पाणी फुप्फुसात साठतं आणि दम लागतो.