तालुक्याच्या गावी आलेल्या एम.डी. डॉक्टरांची पार्श्वभूमी कशी तपासावी?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे वय सदुसष्ट असून मधुमेह आणि रक्तदाब तिला फार वर्षांपासून आहेत. आतापर्यंत नागपूरच्या एका फिजिशियनांकडे तिचे उपचार चालू होते. परंतु पहाटेच्या एस.टी.ने तिला नेणे, तपासणीचे अहवाल हाती येईपर्यंत थांबणे आणि रात्री उशिरा घरी आणणे हे आता तिला झेपत नाही, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सोबत कोण जाणार हाही प्रश्न असतोच. त्यातच अलीकडे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ताची तपासणी) थोडे वाढलेले निघाल्यामुळे यापुढे लवकर लवकर दाखवावे लागेल, असे सांगण्यात आले आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी दिवाळीनंतर एक नवीन दवाखाना सुरू झाला आहे. फलकावर डॉक्टरांच्या नावाखाली ‘एम.डी. (फिजिशियन)’ असे लिहिले असून त्याखाली मधुमेह, हृदयविकार, दमा, थायरॉईड, मूत्रपिंडाचे विकार, सर्पदंश आणि विषबाधा अशी मोठी यादी आहे. डॉक्टर तरुण आहेत, बोलायला सौम्य आहेत आणि शेजाऱ्यांना त्यांचा अनुभव चांगला आला आहे. तथापि आईचे उपचार त्यांच्याकडे सोपवण्यापूर्वी त्यांचे शिक्षण कोठे झाले, या विषयाचे ते खरोखर तज्ज्ञ आहेत का आणि दवाखान्यात नेमक्या कोणत्या सोयी आहेत हे जाणून घ्यायचे आहे. प्रत्यक्ष विचारल्यास त्यांना अपमान वाटेल का, अशीही शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वर्धेचा फिजिशियन

मी याच विषयात वर्धा जिल्ह्यात व्यवसाय करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विचारण्यात अपमान मुळीच नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणासंबंधी 2002 चे जे विनियम आहेत, त्यांनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि तो औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर व पावतीवर लिहिणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. ज्या शाखेची विशेष पदवी नाही त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेण्यासही त्याच विनियमांत मनाई आहे. त्यामुळे आपण चिठ्ठीवरील क्रमांक पाहून घेतलात, तर जे आपल्या हक्काचे आहे तेवढेच आपण पाहिले असे होईल.

आपण फलकावरचा जो मजकूर दिला आहे, त्यातील कंसातल्या शब्दाकडे मात्र लक्ष द्यावे. आपल्याकडे एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता आणि मग तीन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर एम.डी. (जनरल मेडिसिन) ही पदवी मिळते. याच विषयातील डी.एन.बी. (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) ही तिच्या बरोबरीची मानली जाते. रशिया आणि आसपासच्या काही देशांत मात्र वैद्यकाच्या पहिल्याच पदवीला ‘एम.डी.’ म्हणतात, आणि कित्येकदा त्या प्रमाणपत्रावर ‘फिजिशियन’ हा शब्दही असतो. भारतात परतल्यावर परदेशी पदवीधरांची परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी केल्यानंतर ती पदवी आपल्या एम.बी.बी.एस.च्या जागी धरली जाते, तज्ज्ञाच्या पदवीच्या जागी नव्हे. तिकडून आलेले अनेक डॉक्टर उत्तम काम करतात. तरीही आपल्या आईसाठी आपण जे शोधत आहात ते कदाचित त्या फलकामागे नसेल, अथवा पूर्णपणे असेलही, कारण येथे शिकलेले काही एम.डी. सुद्धा सोयीसाठी कंसात फिजिशियनच लिहितात. आणखी एक एम.डी. आयुर्वेदातील कायचिकित्सेची असते. त्या वैद्यांची नोंदणी ‘महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन’ या वेगळ्या परिषदेच्या नोंदवहीत होते.

हा उलगडा करण्यासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक किंवा नाव टाकून पाहावे. ही परिषद 1965 च्या अधिनियमाखाली काम करते. मूळ पदवी, तिचे वर्ष आणि विद्यापीठ तेथे दिसतेच. त्याखेरीज पदव्युत्तर पदवी ‘अतिरिक्त अर्हता’ म्हणून स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. एम.डी. (जनरल मेडिसिन) अशी नोंद तेथे असेल तर शंकेला जागा उरत नाही. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते व त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात, म्हणून नोंदणी चालू आहे का हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

फलकावरील लांब यादीबद्दल संशय बाळगू नये, कारण ते सर्व विकार आमच्या विषयातच येतात. मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉईड, हृदयाचे औषधाने आटोक्यात राहणारे आजार, ताप, कावीळ, अर्धांगवायू, विषबाधा हे सारे निवासी डॉक्टर म्हणून रात्रंदिवस पाहिलेले असते. केवळ हृदयाच्या किंवा केवळ मूत्रपिंडाच्या विकारांचा तज्ज्ञ होण्यासाठी एम.डी.नंतर आणखी तीन वर्षांची डी.एम. ही पदवी घ्यावी लागते. आपल्या आईचे क्रिएटिनिन थोडेच वाढलेले असेल, तर साखर आणि रक्तदाब काटेकोरपणे आवरणे, लघवीतील प्रथिने तपासणे, दुखण्याच्या गोळ्या टाळणे आणि मधुमेहाच्या औषधांची मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेप्रमाणे बदलणे ही कामे एम.डी. मेडिसिन डॉक्टर व्यवस्थित करू शकतात.

शिक्षण कोठे झाले याला किती महत्त्व द्यावे, यावर आमच्यातही एकमत नाही. माझ्या मते एम.डी.ची तीन वर्षे कोणत्या वॉर्डात गेली हे मूळ पदवीच्या महाविद्यालयापेक्षा अधिक बोलके असते. नागपूरचे मेडिकल किंवा मेयो महाविद्यालय, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला अशा ठिकाणी शिकलेल्या डॉक्टराने फवारणीची विषबाधा, साप चावलेले आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण अगदी जवळून पाहिलेले असतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा शासकीय महाविद्यालयाच्या ज्या विभागावर तो सारा भार आला त्या विभागात घालवलेला एक पावसाळाही पुष्कळ काही शिकवून जातो. अर्थात पुण्या-मुंबईत शिकलेला डॉक्टरही इकडे येऊन दोन हंगामांत तयार होतोच.

धानोऱ्याहून

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात पदवीची चिकित्सा करण्याची वेळ फारशी येतच नाही, कारण निवड करण्याइतके डॉक्टर असतात कोठे? थंडी वाजून ताप आला की मलेरियाची तपासणी त्याच दिवशी होणे आणि मेंदूपर्यंत जाणारा प्रकार असेल तर इंजेक्शन ताबडतोब सुरू होणे, यावर माणूस जगतो. ते काम आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातील एम.बी.बी.एस. डॉक्टरांनी वर्षानुवर्षे केले आहे. आठवड्यातून एकदा गाडीतून येऊन दुपारी निघून जाणाऱ्या एम.डी.पेक्षा गावात राहणारा एम.बी.बी.एस. मला अधिक भरवशाचा वाटतो. म्हणून पदवीच्या आधी डॉक्टरांचा मुक्काम कोठे असतो, हे विचारावे.

वर्धेचा फिजिशियन

आपला मुद्दा मान्य आहे. मात्र तापाचा रुग्ण आणि दहा-पंधरा वर्षांचा मधुमेही यांच्या गरजा वेगळ्या असतात. पहिल्याला डॉक्टर त्याच रात्री हवा असतो. दुसऱ्याला सहा महिन्यांपूर्वीचा अहवाल आणि आजचा अहवाल शेजारी ठेवून विचार करणारा डॉक्टर हवा असतो, आणि तो आठवड्यातून एकदाच येत असला तरी पुष्कळ वेळा चालते. मुक्कामाचा प्रश्न विचारावाच, याबद्दल दुमत नाही.

जुना औषध विक्रेता

मी चिठ्ठ्या वाचत आयुष्य काढले आहे, म्हणून त्याच बाजूने लिहितो. पदवी पाहून झाल्यावर डॉक्टरांच्या पाच-सहा चिठ्ठ्या पाहाव्यात; शेजाऱ्यांकडे त्या असतीलच. औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे का, निदान लिहिले आहे का, रक्तदाबाचा आकडा आणि पुढील भेटीची तारीख आहे का, एवढे पाहिले तरी कामाची पद्धत समजते. साध्या सर्दीच्या रुग्णालाही सलाईन आणि दोन प्रतिजैविके दिलेली आढळली, तर पदवी कितीही मोठी असली तरी मी तेथून परत फिरेन. याउलट सलाईन मागणाऱ्या रुग्णाला समजावून गोळ्यांवर घरी पाठवणारा डॉक्टर आमच्याकडे लोकप्रिय व्हायला वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे. औषधे केवळ दवाखान्यातल्याच दुकानात मिळतात की बाहेरही, हे पाहण्यासही विसरू नये, कारण दर महिन्याची औषधे घेणाऱ्याला हा खर्च जन्मभराचा असतो.

दवाखान्यात खाटा असतील तर शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात असले पाहिजे. 2021 च्या सुधारित नियमांनंतर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही तेथे लावावी लागते. ती भिंत एकदा शांतपणे वाचावी.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक होता, तो परिषदेच्या संकेतस्थळावर मिळाला. एम.बी.बी.एस. आणि एम.डी. (जनरल मेडिसिन) या दोन्ही नोंदी तेथे असून दोन्ही पदव्या राज्यातील शासकीय महाविद्यालयांतील आहेत व नोंदणी चालू आहे. त्यानंतर आईला न नेता मी एकटाच त्यांना भेटलो. एम.डी.नंतर एक वर्ष बंधपत्रित सेवा (शासकीय शिक्षणाच्या अटीनुसार करावी लागणारी सरकारी सेवा) जिल्हा रुग्णालयात केल्याचे त्यांनी आपणहून सांगितले. दवाखान्यात ई.सी.जी., प्राणवायू आणि काही खाटा आहेत. रक्ताचे साधे तपास तेथेच होतात आणि उरलेले यवतमाळला पाठवले जातात. जुनी सर्व कागदपत्रे पाहिल्याशिवाय एकही गोळी बदलणार नाही, असेही ते म्हणाले.

एक अडचण मात्र उरते. डॉक्टर यवतमाळला राहतात आणि सोमवार ते शनिवार सायंकाळी पाचपर्यंतच येथे असतात. रात्री दाखल रुग्णांजवळ एक बी.ए.एम.एस. (आयुर्वेदाचे पदवीधर) डॉक्टर असतात व ते फोनवर सल्ला घेतात. अशा स्थितीत काय करावे?

वर्धेचा फिजिशियन

आपल्या आईचे नियमित उपचार त्यांच्याकडे निःशंकपणे सुरू करावेत. ‘जुनी कागदपत्रे पाहिल्याशिवाय गोळी बदलणार नाही’ हे त्यांचे वाक्य मला पदव्यांइतकेच मोलाचे वाटले. रात्रीची व्यवस्था मात्र वेगळी धरून चालावी. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातील शक्ती जाणे, साखर एकदम उतरून ग्लानी येणे यांपैकी काही झाले तर कोठे जायचे, हे त्यांनाच पहिल्या भेटीत विचारून फाइलच्या आतील पानावर लिहून घ्यावे. साखर उतरल्यास घरीच प्रथम गोड द्यायचे असते. परंतु गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. साप चावल्यास या दवाखान्यात न थांबता थेट ग्रामीण रुग्णालयात जावे, कारण प्रतिविष तेथे विनामूल्य मिळते. अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध लगेच सुरू करावे लागते आणि कृत्रिम श्वासाची गरज केव्हाही पडू शकते. त्यामुळे तेथे ती सोय नसेल, तर पहिली इंजेक्शने देऊन रुग्णाला ताबडतोब यवतमाळला पाठवतात का, हेही विचारून ठेवावे.

नागपूरच्या डॉक्टरांकडून औषधांची सध्याची यादी आणि मागील क्रिएटिनिनचे सर्व अहवाल मागून घ्यावेत. आई तेथे कधी दाखल झाली असेल, तर त्या वेळच्या नोंदी मागणीनंतर बहात्तर तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. मात्र या नोंदी तीन वर्षेच जपून ठेवण्याचे बंधन असल्यामुळे अर्ज लवकर करावा आणि त्याची पोच घ्यावी.

जुना औषध विक्रेता

अर्जासोबत आपल्या ओळखपत्राची प्रत आणि आईची सही किंवा अंगठा असलेले संमतिपत्रही न्यावे, अन्यथा परत पाठवतात. आणि पहिल्या भेटीला जाताना घरातील सर्व गोळ्या, कोणी सांगितलेल्या काढ्या-चूर्णांसह, एका पिशवीत घालून न्याव्यात.