कोंड्याचा मांडा आणि मे महिना : तुमच्या घरच्या आठवणी लिहा

कैरीची_फोड

परवा माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आईने केलेलं बांगड्यांचं तोरण सापडलं. फुटक्या काचेच्या बांगडीचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ पडला की वाकवून आधीच्या कडीत अडकवायचा. अशा साखळ्याच्या साखळ्या. मे महिन्यात आत्ये-मामेभावंडं जमली की दुपारचं हे काम ठरलेलं. लहानांनी रंग निवडून द्यायचे, मोठ्या बहिणींनी वाकवायचं. ज्योतीजवळ हात न्यायची परवानगी मिळणं म्हणजे मोठं झाल्याची खूण.

सजावटीसाठी वेगळे पैसे आमच्या घरात कधी निघाले नाहीत. आंब्याच्या रिकाम्या पेट्या आडव्या रचल्या, वर आईच्या जुन्या वॉयलची झालर लावली की झालं पुस्तकांचं कपाट. सकाळी न्याहारीला रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून लिंबू. कढईच्या तळाला लागलेल्या कुरकुरीत भागासाठी भांडणं. आईचा हात आखडता आहे असं कधी वाटलंच नाही, कारण ती जे करायची ते देखणं करायची.

तोरण धुऊन पुसून हॉलच्या दाराला लावलंय. तुमच्याकडे काय काय व्हायचं? सजावट, उरलंसुरलं, सुट्टीतले खेळ, सगळं चालेल. लिहा.

मेंढीकोट

कुस्कऱ्यात साखर घालता की नाही ते आधी सांगा. मग पुढे बोलू.

कैरीची_फोड

चिमूटभर. 😀

रंकाळा_काठ

साखर?? आमच्याकडे कांदा-लसूण चटणी पडते त्यात. आणि वर दही. एकदा खाऊन बघा, परत साखरेचं नाव काढणार नाही.

वाळ्याची_ताटी

नागपूर. आमच्या लहानपणी कूलर मोजक्या घरी. आजोबा खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायचे आणि दुपारभर त्यावर पाणी मारायची पाळी आम्हा मुलांची. बाहेर पारा ४५ च्या वर आणि आत तो ओल्या वाळ्याचा वास. पाणी मारता मारता एकमेकांच्या अंगावर उडवायचं, आजी ओरडणार. नव्या ताटीतून गळलेल्या काड्या ती धुऊन, सुती कापडात बांधून माठात टाकायची. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून ठेवायचं, जेवणं झाली की गाद्या वर. कोणाची गादी कठड्याजवळ यावरून रोज वाद.

खरं सांगते, आता एसी आहे पण मुलं आपापल्या खोलीत असतात.

जुनी_ट्रंक

मी १९७२ साली दुसरीत होते. दुष्काळाचा उन्हाळा. विहिरी आटलेल्या. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना चिरायची. आई उकळत्या पाण्यात पीठ मळायची, मग जरा जमायची. एक तुकडाही वाया गेलेला मी पाहिला नाही. सकाळची भाकरी उरली तर रात्री मीठ-तिखट लावून तव्यावर कडक, ताक मिळालं कोणाकडून तर त्यात कुस्करून.

वडील खडी फोडायच्या कामावर जायचे. तिथे सुकडी वाटायचे, ती पदराला, म्हणजे धोतराच्या सोग्याला बांधून घरी आणायचे आमच्यासाठी. आणि येताना गुळगुळीत खडे निवडून आणायचे, आम्हा बहिणींना खेळायला. दिवसभर दगड फोडून आलेला माणूस पोरींसाठी पाच सारखे खडे शोधत बसायचा. ते झेलत अंगणात बसलो की भूक विसरायची.

त्याच उन्हाळ्यात आई आणि काकूने फाटक्या लुगड्यांची गोधडी घातली. शेतात काम नव्हतं, हात रिकामे होते. मधे हिरव्या इरकलीचा चौकोन, भोवती बाबांच्या सदऱ्याच्या पट्ट्या. ती अजून माझ्याकडे आहे. मधला कपडा विरलाय, टाके शाबूत.

मोगरा_वेणी

मावशी, वाचून गलबलून आलं. खड्यांचं वाचून तर फारच. अजून लिहा ना.

मेंढीकोट

+१. सावकाश लिहा, पण लिहा.

पान्हा_पक्कड

सजावट म्हणजे आमच्या घरात एकच, सोड्याच्या बाटलीत मनीप्लांट. फ्रिजवर, टीव्हीवर, न्हाणीघरात पण. काकाने सायकलचं जुनं टायर आंब्याला टांगून झोका केला होता, तो धरायचा का सजावटीत?

कैरीची_फोड

धरला.

आठळी_भाजी

आमच्या देवगडकडे मे महिना म्हणजे काय टाकायचं हाच प्रश्न, कारण कशातलंच काही टाकवत नाही. फणसाचे गरे खाल्ले की आठळ्या धुऊन, माती लावून पडवीच्या कोपऱ्यात ठेवायच्या. पावसात चुलीत भाजा नाहीतर शेवग्याच्या पाल्याच्या भाजीत घाला. रातांबे फोडले की सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, ती आमसुलं. बिया राहतात त्यांचं मुठेल. थंडीत भेगा पडलेल्या टाचांना लावायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मुंबईकर चुलत भावंडं आली की त्यांना रातांबे फोडायला बसवायचे, हात लालेलाल. त्यांना वाटायचं खेळच चाललाय, आणि आईचं डोंगराएवढं काम उरकायचं.

कोणी मुंबईत घरगुती मुठेल विकतं का? आईला आता होत नाही.

मोगरा_वेणी

दादरला मिळतं कोकणी वस्तूंच्या दुकानांत. बघून कळवते.

हुमणाचा_वास

गोव्यात माशाचं हुमण मुद्दाम जास्त करतात, दुसऱ्या दिवशी उरावं म्हणून. सकाळी मंद आचेवर आटवायचं, नारळाचा रस दाट होऊन कडेला तेल दिसायला लागलं की गरम पोयीबरोबर, म्हणजे आमच्या गोव्याच्या पावाबरोबर. आदल्या रात्रीपेक्षा कैक पटींनी चांगलं लागतं, यावर आमच्या घरात कोणाचं दुमत नाही. मे महिन्यात त्यात मुरलेलं कैरीचं तोर असतं, ते ज्याच्या ताटात पडेल तो जिंकला.

याच दिवसांत पुरुमेंताची गडबड. सुकं नुस्तं, मिरच्या, चिंच, आमसुलं, पावसाळ्याची बेगमी. चिंचेचे गोळे वळायला आम्ही पोरं. अर्धी चिंच पोटात.

शिळंपाकं

एक काळजीपोटी लिहितो, दवाखान्यात उन्हाळ्यात पोट बिघडलेले फार येतात. शिजलेला भात या दिवसांत तासन् तास ओट्यावर ठेवू नका. भातात काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, बाहेर राहिला की वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. जेवण झाल्यावर पसरट भांड्यात पटकन निववून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी खुशाल फोडणी द्या. मला स्वतःला फोडणीचा भात अतिशय प्रिय आहे, म्हणूनच सांगतोय.

बिबडे_वाळत_घातले

डॉक्टर, बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे जळगावला सकाळचा भात उरला की आई लगेच त्यात जिरं, मीठ, वाटलेली मिरची घालून मळायची आणि सोऱ्यातून कडक उन्हात पाडायची. भाताच्या कुरडया. दोन दिवसांत खडखडीत, डब्यात भरून ठेवायच्या.

पण खरी मजा गव्हाच्या कुरडयांची. गहू तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेलं, घरभर तो आंबूस वास. वाटून गाळून रात्रभर ठेवलेला चीक पहाटे शिजायचा. आम्ही वाट्या घेऊन रांगेत. गरम चीक, साजूक तूप, साखर. गाळून उरलेला कोंडासुद्धा आजी टाकू देत नव्हती. त्यात तीळ, मीठ, तिखट घालून त्याच्या पापड्या थापायची, त्या आम्हाला कुरडयांपेक्षा जास्त आवडायच्या. मग गच्चीवर छत्री घेऊन कावळे हाकलायची नेमणूक. शेजारी वाळत घातलेलं अर्धवट ओलं बिबडं, म्हणजे ज्वारीचा पापड, उचलून खाणं हाच त्या नोकरीचा पगार.

वाळ्याची_ताटी

अर्धवट वाळलेलं!! काय आठवण काढली बाप्पा. मुगवड्या पण तशाच.

रंकाळा_काठ

चीक इन्स्टंट पिठाचा करून बघितला कोणी? चव येते का?

बिबडे_वाळत_घातले

नाही येत. आंबायला तीन दिवस लागतात ते उगीच नाही.

मेलबर्नची_सून

इथे मे म्हणजे थंडी सुरू, मुलांना आंब्याची सुट्टी समजावून सांगणं अवघड. म्हणून आमचा मे आम्ही जानेवारीत करतो. गेल्या जानेवारीत बागेत पोरांबरोबर पत्र्याच्या डब्यात आइस्क्रीम केलं, बाहेर बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फ वितळत जातो आणि त्याचं तापमान शून्याखाली उतरतं, हे त्यांना हात लावून कळलं. शेजारची मुलं पण आली डबा फिरवायला.

जुनी_ट्रंक मावशी, मला सासूबाईंच्या साड्यांची गोधडी शिवायची आहे. त्या गेल्या वर्षी गेल्या. सुती तीन आहेत, बाकी सिंथेटिक. चालतील का?

जुनी_ट्रंक

बाळ, वर-खाली सुती ठेव, अंगाला तेच लागतं. सिंथेटिक घसरतं, ते आतल्या थरात घाल आणि आधी चारी बाजूंनी मोठे कच्चे टाके घालून घे, म्हणजे सरकणार नाही. शिवायच्या आधी सगळ्या साड्या गरम पाण्यातून काढ, काय आटायचं ते आधीच आटू दे. काठ कापून टाकू नकोस, कडेला लाव. धावदोरा कडेकडून मध्याकडे घाल. घाई करू नकोस.

मेलबर्नची_सून

काठ ठेवते. त्यांची नारळी काठाची एक आहे, तीच वरच्या बाजूला घेते. मावशी, दोरा कोणता घेऊ? इथे शिवणाचा बारीकच मिळतो.

जुनी_ट्रंक

बारीक असला तर दुहेरी घे. माझ्याकडे जाड पांढरा गुंडी दोरा आहे भरपूर, कोणी येणार असेल तिकडे तर पाठवते.

पान्हा_पक्कड

माझा भाऊ जूनमध्ये जातोय मेलबर्नला. मावशी, तुम्ही पुण्याच्या जवळपास आहात का? दोरा मी येऊन घेऊन जातो.