शाळेभोवती कुंपण : भिंत, जाळी की मैदान मोकळं?

मैदानकाठ :
नमस्कार मंडळी. वस्तीतल्या शाळेला धड कुंपण नाही. जुनी काटेरी तार आहे, तीही जागोजागी तुटलेली. शाळा समितीने नवं कुंपण करायचं ठरवलंय आणि त्याआधी पालकांची व शेजाऱ्यांची मतं मागवली आहेत. काहींना आठ फुटी भिंत हवी आहे, वर तारेसह. काहींना जाळी पुरेशी वाटते. आणि बरेच शेजारी म्हणतात की संध्याकाळी सगळी मुलं त्याच मैदानावर खेळतात, ते बंद करू नका, शाळेचा तुरुंग करू नका.

जागा अशी : परीघ सुमारे ४२० मीटर. मुलं ६०० च्या आसपास, त्यांत बालवर्गही. समोर वाहता रस्ता, मागे झाडी आणि पावसाळी नाला, एका बाजूने लोकांची पायवाट थेट मैदानातून जाते. मागची जमीन उतरती, माती चिकण. समितीपुढे नुसती मतं न ठेवता नीट माहिती ठेवायची आहे. उंची किती, कुठली जाळी, फाटकं किती, आणि अशा कामांत नेमकं काय बिघडतं?

रेखांश :
कुंपणाची चर्चा उंचीपासून सुरू करू नका, फाटकापासून करा. कुंपणाने कोणी कायमचा अडत नाही. त्याची कामं दोनच : आत शिरू पाहणाऱ्याला वेळ लागावा आणि तोवर तो कोणाच्या तरी नजरेस पडावा, आणि बाकी सगळ्यांनी एकाच दारातून, जिथे विचारपूस करायला माणूस बसलेला आहे, तिथूनच यावं. फाटकावर माणूस नसेल तर आठ फूट काय आणि दहा फूट काय.

म्हणून आधी नकाशावर शाळेच्या वेळेत उघडं राहणारं एकच दार ठरवा. ते कार्यालयाच्या खिडकीतून दिसलं पाहिजे. गाड्यांचं फाटक आणि मुलांचं फाटक वेगळं हवं, मध्ये किमान काही मीटरचं अंतर हवं. एकाच फाटकातून रिक्षा मागे येते आणि पहिलीतली पोरं बाहेर पडतात, ही रचना अनोळखी माणसापेक्षा जास्त धोक्याची आहे, आणि हा धोका रोज दोनदा येतो.

उंचीचं म्हणाल तर इमारतीभोवती आणि मागच्या झाडीच्या बाजूला २.४ मीटर, रस्त्याकडे जिथे सतत वर्दळ आहे तिथे १.८ मीटर चालतं. बालवर्गाच्या अंगणाला आतून वेगळं १.२ मीटरचं कुंपण करा. त्यात उभे गज, दोन गजांतली फट १०० मिमीपेक्षा कमी (जास्त असेल तर अंग निघतं आणि डोकं अडकतं), आणि मधे आडवी पट्टी नको. आडवी पट्टी म्हणजे लहान मुलासाठी शिडीची पायरी.

जोडकाम :
जाळीबद्दल लिहितो, कारण नुसतं 'जाळी' म्हटलं की गल्लत होते.

चेनलिंक, म्हणजे विणलेली जाळी, स्वस्त आणि उंचसखल जमिनीवर सहज बसणारी. पण ५० मिमीच्या भोकात बुटाचं टोक बसतं, त्यामुळे चढता येते. शिवाय एक तार कापून फिरवत काढली की वरपासून खालपर्यंत उकलते. लावायचीच असेल तर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताणतारा हव्यात, आणि कोपऱ्यावर, फाटकापाशी आणि लांब सरळ ओळीत मधूनमधून तिरक्या टेकूचे खांब हवेत. टेकू वाचवले की ताण शेवटच्या खांबावर येतो, तो आत झुकतो आणि वर्षभरात जाळीला झोळ पडतो.

वेल्डेड पॅनल, म्हणजे उभ्या-आडव्या तारा एकमेकींना वेल्ड करून केलेला तयार तुकडा, ५० × २०० मिमीच्या घराचं (भोकाचं), ४ मिमी किंवा त्याहून जाड तारेचं, हा शाळेसाठी मधला आणि बहुतेक ठिकाणी योग्य पर्याय. घर उभं आणि अरुंद असल्याने पाय नीट टेकत नाही, आणि एक तार कापली तरी बाकीचं पॅनल जागेवर राहतं.

तिसरी ३५८ जाळी, हीही वेल्ड केलेली पण फार दाट. आकडा इंची मापावरून : भोक ३ इंच बाय अर्धा इंच, तारेची जाडी ८ गेज, मिमीमध्ये ७६.२ × १२.७ आणि तार ४ मिमी. तारांमधली मोकळी फट फक्त ८.७ मिमी, बोटसुद्धा जात नाही, साध्या कटरचं तोंड शिरत नाही. मजबूत आहे, पण संपूर्ण ४२० मीटरला तिची गरज नाही. नाल्याकडची बाजू आणि इमारतीचा मागचा कोपरा, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथेच लावा. तिचा सुमारे एक तृतीयांश भाग भरीव असतो, साध्या वेल्डेड पॅनलचा मात्र दहावा हिस्साच भरीव असतो. त्यामुळे वारा जास्त अडतो आणि खांबही जाड लागतात.

खांब दर २.५ मीटरला धरले तर १६८ खांब. २.४ मीटर उंचीसाठी खड्डा ३०० × ३०० मिमी, खोली ७५० मिमी. एका खड्ड्याला ०.०६७५ घनमीटर, एकूण सव्वाअकरा घनमीटरच्या वर काँक्रीट. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खड्डे ४५० × ४५० × ९०० मिमी धरा. चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे मागच्या बाजूला खोली आणखी वाढवावी लागेल. दोनतीन चाचणी खड्डे काढून माती बघूनच ठरवा.

काँक्रीट जमिनीच्या वर ५० मिमी आणून चारी बाजूंना उतार द्या. खांब नेहमी मातीच्या पातळीलाच गंजतो, कारण तिथे पाणी साचतं. रंगावर भागवू नका, हॉट डिप गॅल्वनाइझ केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला माल घ्या, आणि वेल्डिंग व भोकं गॅल्वनाइझिंगच्या आधी झालेली असावीत. जागेवर वेल्ड मारला की तिथला जस्ताचा थर जळतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिथूनच तांबडे ओघळ येतात. खांबांना वरून टोप्या घाला.

नटांची तोंडं आतल्या बाजूला. हे काम घाईत उलटं होतं, मग बाहेरून पाना लावून अख्खं पॅनल काढता येतं.

ओळंबा :
भिंतीच्या मागणीबद्दल. भिंत हवी म्हणणाऱ्यांची काळजी खरी आहे, पण भिंतीचा दोष तिच्या मजबुतीत नाही, आडोशात आहे. एकदा माणूस आत उतरला की रस्त्यावरच्या कोणालाच तो दिसत नाही. जाळीत तो चढतानाही दिसतो आणि उतरल्यावरही.

दुसरं म्हणजे भिंत पडते. ११५ मिमीची अर्ध्या विटेची भिंत, दर तीन मीटरला खांब नाही, पाया वीतभर, आणि आतल्या बाजूला मैदान सपाट करताना टाकलेला मातीचा भराव : अशी भिंत पहिल्या मोठ्या पावसात कलते. ती कुंपणाची भिंत असते, माती अडवण्याची नव्हे. ओल्या मातीचा आणि पाण्याचा दाब तिला सोसत नाही. आणि मुलं डबा खायला सावलीला तिलाच टेकून बसतात. ज्यांना भिंत हवीच आहे त्यांनी निदान २३० मिमी जाडी, दर तीन मीटरला खांब, मधूनमधून सांधे आणि पाणी निघायला भोकं एवढं लेखी मागावं. आतून भराव असेल तर साधी भिंत नकोच, तिथे इंजिनिअरकडून आराखडा करून घेतलेली संरक्षक भिंत लागते.

रस्त्याच्या बाजूला मधला मार्ग निघतो : खाली ६०० मिमी जोतं, वर जाळी. पण जाळी जोत्याच्या मधोमध बसवू नका, दोन्ही बाजूंना पायरी तयार होते. बाहेरच्या कडेला सपाटीत बसवा आणि आतल्या कडेला तिरपा गिलावा करा. आणि जोत्याची उंची चढणाऱ्याला आयती मिळते, म्हणून वरची जाळी जोत्यापासून मोजा, जमिनीपासून नाही.

काचा आणि काटेरी तार शाळेला नकोच. चेंडू बाहेर गेला की चढणारं पहिलं माणूस शाळेतलंच मूल असतं. गोलपोस्टच्या मागे चारपाच मीटर उंचीची नायलॉनची जाळी लावा, चढण्याचं कारणच संपतं.

मैदानकाठ :
फारच उपयोगी. एक शंका : काही पालकांना जाळीतून मुली दिसतात याची अडचण वाटते. जाळीला हिरवं कापड लावायचं सुचवलंय, आणि दर्शनी बाजूला शाळेचे फलक. चालेल?

जोडकाम :
काळजी समजते, पण कापड नका लावू, निदान खांब त्या हिशोबाने घेतल्याशिवाय नका. २.५ × २.४ मीटरच्या पॅनलवर कापड म्हणजे ६ चौरस मीटरचं शीड. वारा सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किमी झाला तर दाब चौरस मीटरला सुमारे ५४० न्यूटन; एका खांबावर साधारण ३३० किलोचा जोर. ६० × ६० × ३ मिमीचा चौकोनी पाइप बुडाशी जेवढं सोसतो त्यापेक्षा हा जोर जास्त आहे. उघडी जाळी वर्षानुवर्षं उभी राहते आणि फलक लावल्यावर पहिल्याच वादळात ओळीने झोपते, त्याचं कारण हेच.

आडोसा हवा तो स्वच्छतागृहाच्या दाराशी आणि कवायतीच्या जागेशी आतून करा, कुंपणापासून दूर. आणि जाळीचा रंग काळा किंवा गडद हिरवा घ्या. पांढऱ्या-चंदेरी जाळीवर ऊन चमकतं आणि नजर जाळीवरच अडते. गडद जाळीतून पलीकडचं नीट दिसतं, आणि तुरुंगासारखं वाटणंही बरंच कमी होतं.

शेजारधर्म :
मैदानाची बाजू मांडते. संध्याकाळी मैदानावर माणसं असणं हीच शाळेची सगळ्यात स्वस्त राखण आहे. रिकामं, बंद आवार अंधार पडल्यावर कोणाचंच नसतं.

त्यामुळे सरसकट एक कुंपण न करता दोन रेषा आखा. आतली रेषा इमारत, बालवर्ग, पाण्याची टाकी आणि विजेची खोली यांच्याभोवती, उंच आणि कायम कुलूपबंद. बाहेरची रेषा मैदानाभोवती, ठेंगणी, तिचं फाटक शाळा सुटल्यावर उघडायचं. वेळ, किल्ली कोणाकडे, दिवा कोण लावणार, झाडलोट कोण करणार हे कागदावर हवं, नाहीतर महिन्याभरात फाटक एकतर कायम उघडं राहतं नाहीतर कायम बंद.

पायवाट नुसती अडवू नका. लोकांना लांबचा वळसा पडला की जाळी कापली जातेच, आणि दुरुस्त केली की पुन्हा तिथेच कापली जाते. कडेने दीड-दोन मीटरची पट्टी सोडून कुंपण आत घ्या. तेवढी जागा गेली तरी परवडतं.

रेखांश :
दोन रेषांना माझी सहमती, एका अटीवर : शाळेच्या वेळेत बाहेरची रेषाही बंद आणि तिथेही नजर. सहाशे मुलं मधल्या सुट्टीत मैदानावर असतात, तेव्हा आतल्या कुंपणाचा उपयोग नाही. शिवाय मग ती रेषा कंबरभर नको, १.५ मीटर तरी हवी.

आता आणीबाणीचं. कुंपण आत येणं थांबवतं तसं बाहेर पडणंही थांबवतं. सपाट जागी दर मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८० माणसं निघतात. १.२ मीटरच्या एकाच फाटकातून सहाशे मुलांना सहा मिनिटांहून जास्त लागतात, तेही ढकलाढकली न होता. म्हणून विरुद्ध दिशांना निदान दोन मोठी फाटकं, ३ मीटरची. मागच्या फाटकाला आतून किल्लीशिवाय उघडणारा अडसर, आणि त्याच्याभोवती पत्र्याचं झाकण, नाहीतर जाळीतून हात घालून तोच बाहेरून उघडता येतो. अग्निशमनाच्या गाडीला किती रुंदी आणि उंची लागते ते केंद्रात विचारून गाड्यांचं फाटक ठरवा. वर कमान बांधायची हौस असेल तर हे आधी विचारा. एका तरी फाटकाची मोकळी रुंदी चाकाच्या खुर्चीसाठी ९०० मिमी असावी आणि खाली उंबरठा नसावा.

सरकतं फाटक घेणार असाल तर कृपया हे वाचाच. मुलांच्या अंगावर फाटक पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रुळाच्या टोकाला अडथळा नसणं. फाटक जोरात ढकललं की वरच्या रोलरमधून निसटतं आणि शेकडो किलोंचं धूड आडवं होतं. दोन्ही टोकांना बोल्ट केलेले पक्के अडथळे, वर दोन ठिकाणी रोलरचा आधार, आणि दर महिन्याला एक मोठा माणूस पूर्ण ताकदीने दोन्हीकडे ढकलून बघेल. झुलत्या फाटकाची वरची बिजागरी उलटी बसवा, म्हणजे फाटक उचलून काढता येत नाही.

ओळंबा :
मागच्या उताराचं राहिलं. पॅनल पायऱ्यांसारखी उतरत जातात तेव्हा प्रत्येकाखाली त्रिकोणी फट राहते, कुत्रं आणि लहान मूल सहज जातं. तिथे खाली उताराला धरून काँक्रीटची पट्टी ओता, फट ५० मिमीच्या आत ठेवा. नाल्यावर जाळी तशीच पुढे नेऊ नका. कचरा अडकून पाणी तुंबतं आणि पुरात तोच भाग वाहून जातो. तिथे १०० मिमी अंतराने उभे गज असलेली, बिजागरीवर उचलता येणारी आणि कुलपाची चौकट करा, पावसाळ्यात दर आठवड्याला साफ करायची.

कुंपणापासून दोन-तीन मीटरांत बाक, कचरापेटी, टाकी, आडवी फांदी ठेवू नका. आणि खड्डे खणण्याआधी हद्द मोजून घ्या, पाण्याची नळी व विजेची केबल कुठून जाते ते खुणा करून घ्या.

समितीने ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्यापूर्वी प्रत्येक दहावा खांब हाताने हलवून बघावा आणि दोन खड्डे बाजूने उकरून खोली मोजावी. उकरून बघणार हे निविदेतच लिहिलं तर ७५० मिमीचा खड्डा ७५० मिमीचाच निघतो.